महाराष्ट्राने मागितलेला वेळ : समलिंगी विवाहाचा वाद आणि आपली दीडशे वर्षे

१/ मे २०२३. समलिंगी विवाहाच्या मान्यतेवरील सर्वोच्च न्यायालयातील सुनावणी अखेरच्या टप्प्यात होती. केंद्राने राज्यांची मते मागवली होती आणि तोवर सात राज्यांची उत्तरे आली होती. राजस्थान, आंध्र प्रदेश आणि आसाम यांनी विरोध नोंदवला. महाराष्ट्र, उत्तर प्रदेश, मणिपूर आणि सिक्कीम यांनी कळवले की विषय सखोल चर्चेचा आहे, तातडीने मत देता येणार नाही. आपल्या राज्याने ना होकार दिला, ना नकार. वेळ मागितला. आजचा धागा त्या मागितलेल्या वेळेविषयी.

२/ विवाह कोणाचा वैध, कोणाचा अवैध, आणि ते ठरवायचे कोणी, हा वाद मराठी मुलुखाला नवा नाही. विधवेचा विवाह, पुरोहिताशिवाय झालेला विवाह, दोन जातींतला विवाह, संमतीवाचून झालेला विवाह, या प्रत्येकावर इथे खटले, सभा, बहिष्कार आणि कायदे झाले आहेत. त्या सगळ्यांत एक क्रम पुन्हा पुन्हा दिसतो, आणि आजच्या वादात नेमका तोच दृष्टीआड होतो, असे माझे मत आहे.

३/ आधी आजची कायदेशीर स्थिती. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांमधील संमतीचे समलिंगी संबंध कलम ३७७ च्या कक्षेतून बाहेर काढले. प्रेम गुन्हा उरले नाही. पण गुन्हा नसणे वेगळे आणि नाते मान्य असणे वेगळे. म्हणून विशेष विवाह कायदा, १९५४ याचा अर्थ लिंगनिरपेक्ष लावावा, ‘पती’ आणि ‘पत्नी’ या शब्दांच्या जागी ‘जोडीदार’ वाचावे, अशी मागणी घेऊन अनेक याचिका दाखल झाल्या.

४/ १८ एप्रिल २०२३ पासून पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठापुढे दहा दिवस सुनावणी झाली. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी निकाल आला. विवाहाचा मूलभूत हक्क राज्यघटनेत नाही, आणि विशेष विवाह कायद्यात न्यायालय अशी दुरुस्ती करू शकत नाही, यावर पाचही न्यायमूर्तींचे एकमत होते. विवाहाखेरीज अन्य स्वरूपात अशा नात्याला मान्यता मिळण्याचा हक्क आहे काय, यावर मात्र पीठ ३ विरुद्ध २ असे विभागले गेले. सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड आणि न्या. संजय किशन कौल अल्पमतात राहिले. ९ जानेवारी २०२५ रोजी पुनर्विलोकन याचिकाही फेटाळल्या गेल्या.

५/ निकालाचे सार सांगायचे तर, हा प्रश्न विधिमंडळाचा आहे. हे म्हणणे हास्यास्पद नाही. विशेष विवाह कायद्यात वधूवरांचे किमान वय वेगळे आहे, घटस्फोटाची काही कारणे केवळ पत्नीला उपलब्ध आहेत, वारशाचे धागे इतर कायद्यांशी गुंतलेले आहेत. एक शब्द बदलला की दहा कलमांना हात लावावा लागतो. ते काम कायदे करणाऱ्यांनीच करावे, हा युक्तिवाद प्रामाणिक आहे. प्रश्न पुढचा आहे. कायदे करणारे ते काम केव्हा करतात? याचे उत्तर इतिहासाकडे आहे.

६/ पहिला टप्पा, १८५६. हिंदू विधवांच्या पुनर्विवाहाला मान्यता देणारा कायदा झाला. समाज तयार नाही, शास्त्राला मान्य नाही, ही दोन्ही कारणे तेव्हाही पुढे आली होती. कायदा होऊनही महाराष्ट्रातील उच्चवर्णीयांत बरीच वर्षे काही हलले नाही. मग विष्णुशास्त्री पंडितांनी चळवळ उभारली आणि १८६९ साली मुंबईत एक गाजलेला पुनर्विवाह घडून आला. त्याचे पडसाद इतके उमटले, की १८७० मध्ये पुण्यात शंकराचार्यांसमोर जाहीर वाद झाला. निर्णय सुधारकांच्या विरुद्ध गेला आणि त्यांच्यावर बहिष्कार पडला.

७/ आणखी तेवीस वर्षांनी, १८९३ साली धोंडो केशव कर्वे यांनी पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनातील विद्यार्थिनी गोदूबाई यांच्याशी विवाह केला. कायद्याच्या दृष्टीने तो सदतीस वर्षांपासून वैध होता. तरीही मुरूडच्या गावकऱ्यांनी कर्व्यांना वाळीत टाकले. म्हणजे कायद्याने समाज आपोआप बदलत नाही, हे खरेच. पण कायदा असल्यामुळे एक गोष्ट पक्की झाली होती. गाव बहिष्कार घालू शकत होते, त्या दांपत्याचा विवाह रद्द करू शकत नव्हते. मान्यतेचा उपयोग तेवढा आणि तसा असतो.

८/ इथे एक मुद्दा हमखास विसरला जातो. ‘हिंदू समाजात पुनर्विवाह नव्हता’ हे वाक्य मुळातच अपुरे आहे. महाराष्ट्रातील बहुसंख्य जातींत ‘पाट’ किंवा ‘मोहतूर’ या नावाने विधवांचे विवाह पिढ्यानपिढ्या होत होते. ज्यांच्यात तो नव्हता, त्यांनी आपल्या रूढीला संपूर्ण समाजाची रूढी म्हटले. तेव्हा ‘विवाहाची आपली संस्कृती’ असा एकवचनी उल्लेख ऐकला, की इतिहासाच्या विद्यार्थ्याने आधी विचारावे : कोणाची?

९/ त्याच कायद्याने एक धडाही दिला. पुनर्विवाह करणाऱ्या विधवेचा मृत पतीच्या मालमत्तेवरील हक्क संपेल, अशी तरतूद त्यात होती. ज्या जातींत पाटाची रूढी आधीपासून होती, त्यांनाही हाच नियम लागू आहे, असे मुंबई उच्च न्यायालयाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ठरवले. अलाहाबादच्या न्यायालयाने उलट मत घेतले. विधवांना स्वातंत्र्य देणाऱ्या कायद्याने काही विधवांची जमीन काढून घेतली. मान्यता मिळाली एवढ्यावर हुरळून जाऊ नये. ती कोणत्या अटींवर मिळाली, ते कलम-कलम वाचावे.

१०/ दुसरा टप्पा, १८७३. सप्टेंबरात जोतीराव फुल्यांनी सत्यशोधक समाजाची स्थापना केली आणि २५ डिसेंबर १८७३ रोजी ब्राह्मण पुरोहिताशिवाय पहिला सत्यशोधक विवाह लागला. त्यासाठी कोणत्याही विधिमंडळाची परवानगी घेतली नव्हती. वधूवरांनी परस्परांना वचन दिले, साक्षीला माणसे होती, विवाह झाला. मागणी साधी होती : दोघांच्या संमतीने आणि समाजाच्या साक्षीने विवाह पूर्ण होतो, तिसऱ्या कोणाच्या मक्तेदारीची त्याला गरज नाही.

११/ उत्तर न्यायालयातून आले. जुन्नर तालुक्यातील ओतूरला बाळाजी कुसाजी पाटील यांच्या घरचे विवाह पुरोहिताविना झाले, तेव्हा गावच्या जोशांनी आपला वतनी हक्क आणि दक्षिणा बुडाली म्हणून दावा लावला. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १८९० च्या सुमारास सत्यशोधकांच्या बाजूने निकाल लागला. धर्म, परंपरा, पावित्र्य अशा मोठ्या शब्दांचा वाद दाव्याच्या कागदावर उतरला तेव्हा दक्षिणेचा हिशेब झाला. विवाहाचे बहुतेक वाद अखेर असेच हक्काच्या आणि मालमत्तेच्या प्रश्नावर येऊन ठेपतात.

१२/ तिसरा टप्पा, संमतीचा. रखमाबाईंचा विवाह त्या अकरा वर्षांच्या असताना झाला. मोठ्या झाल्यावर त्यांनी पतीकडे नांदायला नकार दिला. १८८५ साली न्या. पिन्ही यांनी त्यांच्या बाजूने कौल दिला, तो अपिलात उलटला, आणि मार्च १८८७ मध्ये ‘नांदायला जा, नाहीतर सहा महिने कैद’ असा आदेश निघाला. रखमाबाई तुरुंगाला तयार झाल्या, सासरी जायला नाही. १८८८ साली दोन हजार रुपयांवर तडजोड झाली. पुढे त्या लंडनला शिकून डॉक्टर झाल्या.

१३/ या खटल्याच्या पाठोपाठ १८९१ चा संमतिवयाचा कायदा आला. त्याने वयाची मर्यादा दहावरून बारा केली. लोकमान्य टिळकांचा विरोध मुख्यतः या मुद्द्यावर होता, की परकीय सरकारने आमच्या सामाजिक चालीरीतींत कायद्याने हात घालू नये, सुधारणा समाजाने स्वतः करावी. तो युक्तिवाद त्या काळाच्या संदर्भात समजून घेता येतो. पण आज संसद आपली आहे, मतदार आपण आहोत. ‘समाजाने ठरवू द्या’ हे वाक्य तसेच राहिले, त्यामागचे परकीय सत्तेचे कारण मात्र उरलेले नाही.

१४/ चौथा टप्पा, दोन जातींतला विवाह. १९१२ साली मुंबई उच्च न्यायालयाने ब्राह्मण स्त्री आणि शूद्र पुरुष यांचा विवाह अवैध ठरवला. १९२२ साली त्याच न्यायालयाने वैश्य पुरुष आणि शूद्र स्त्री यांचा विवाह वैध मानला. कारण पहिला प्रतिलोम, दुसरा अनुलोम. नाते तेच, संमती तीच, संसार तसाच. फक्त स्त्री वरची की पुरुष वरचा, एवढ्यावर विवाहाची वैधता ठरत होती. जन्माने मिळालेल्या एका गोष्टीमुळे नाते कायद्याला दिसेनासे होणे, हे आपण आधी पाहिलेले आहे.

१५/ १९१८ मध्ये विठ्ठलभाई पटेल यांनी आंतरजातीय विवाह वैध करणारे विधेयक मध्यवर्ती कायदेमंडळात मांडले. देशभर गदारोळ झाला, विधेयक मंजूर झाले नाही. पण कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी १९१९ सालीच आपल्या संस्थानापुरता तसा कायदा केला. उर्वरित देशात आंतरजातीय हिंदू विवाहांना सरसकट वैधता देणारा कायदा यायला १९४९ साल उजाडले. मराठी मुलुखातील एका संस्थानाने वेळ मागितला नाही आणि ते देशाच्या तीस वर्षे पुढे राहिले. २०२३ च्या उत्तराशेजारी हे ठेवून पाहा.

१६/ आता विशेष विवाह कायद्याची वंशावळ. त्याचा पूर्वज १८७२ चा. त्याखाली विवाह करायचा तर वधूवरांना आपण हिंदू, मुस्लिम, ख्रिस्ती, पारशी, ज्यू, बौद्ध, शीख वा जैन नाही असे लिहून द्यावे लागे. मान्यता हवी तर स्वतःची ओळख नाकारा! पुढे नागपुरात वकिली केलेल्या हरिसिंग गौर यांच्या प्रयत्नांतून १९२३ साली दुरुस्ती झाली आणि हिंदू, बौद्ध, शीख, जैनांची या नाकारण्यातून सुटका झाली. १९५४ च्या कायद्याने धर्माची अट पूर्णपणे काढली. बहात्तर आणि चौपन्न यांच्यामध्ये ब्याऐंशी वर्षे आहेत.

१७/ या टप्प्यांतला समान क्रम पाहा. बहुतेक वेळा आधी माणसे विवाह करतात, किंवा लादलेला विवाह नाकारतात. मग कोणीतरी न्यायालयात जाते. तिथे कधी जिंकतात, अनेकदा हरतात. त्या पराभवातून कायद्याची मागणी उभी राहते. समाजाची संमती सर्वांत शेवटी येते, आणि कायदा नुसता होऊन तिची वाट पाहत बसला तर १८५६ नंतरसारखी खूपच उशिरा. तमिळनाडूतही हेच घडले. तिथल्या स्वाभिमान चळवळीतील पुरोहितविरहित विवाह १९५३ साली मद्रास उच्च न्यायालयाने अवैध ठरवले आणि १९६७ साली अण्णादुरै सरकारने आधीच्या विवाहांसह त्यांना वैधता देणारी दुरुस्ती केली. न्यायालयातली हार ही त्या कथेची अखेर नव्हती.

१८/ समलिंगी जोडपीही याच क्रमाने चालली आहेत. १९८७ च्या अखेरीस मध्य प्रदेश पोलीस दलातील दोन स्त्री शिपायांनी गांधर्व विवाह केला, त्यांची नोकरी गेली. २०१७ च्या अखेरीस, म्हणजे कलम ३७७ चा निकाल येण्याआधी, यवतमाळात एका समलिंगी जोडप्याने आप्तमित्रांच्या साक्षीने विवाहसोहळा केला. ‘ही शहरी उच्चभ्रूंची कल्पना आहे’ असे केंद्राने २०२३ मध्ये न्यायालयात म्हटले. यवतमाळ काही दक्षिण मुंबई नव्हे.

१९/ आणि विषयही मराठीला परका नव्हता. धोंडो केशवांचे पुत्र रघुनाथ धोंडो कर्वे यांच्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकात वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना थेट उत्तरे दिली जात. त्यात समलिंगी आकर्षणाचा विषयही येई. अशाच उत्तरांवरून झालेल्या अश्लीलतेच्या खटल्यात १९३४ साली त्यांचे वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. खटला हरला, कर्व्यांना दंड झाला. वडिलांनी एक वर्ज्य विवाह केला, मुलाने एक वर्ज्य विषय उघडला. पुढे हिंदू कोड बिल रखडले म्हणून याच आंबेडकरांनी १९५१ साली मंत्रिपद सोडले. विधिमंडळाची वाट पाहणे म्हणजे काय, हे त्यांच्याइतके जवळून फार थोड्यांनी पाहिले असेल.

२०/ आता प्रतिवाद. जाणकार म्हणतील, विधवा असो वा परजातीची वधू, ते विवाह स्त्री-पुरुषांचेच होते, इथे भेद प्रकाराचाच आहे. मुद्दा रास्त आहे, आणि इतिहासातील साम्य हा पुरावा नव्हे, हेही मान्य. पण त्या त्या काळच्या विरोधकांनाही भेद प्रकाराचाच वाटत होता. पत्नीत्व एकदाच असते अशी ज्यांची श्रद्धा होती, त्यांना पुनर्विवाह हा ‘विवाहाचा एक प्रकार’ वाटत नव्हता, विवाहच वाटत नव्हता. शिवाय यातला एकही कायदा सक्तीचा नव्हता. १८५६ ने एकाही विधवेला बोहल्यावर बळेच उभे केले नाही.

२१/ दुसरा प्रतिवाद खुद्द समलिंगी चळवळीच्या आतून येतो. विवाहसंस्थेनेच स्त्रियांवर इतका अन्याय केला, तर तिच्यात शिरण्याचा अट्टहास कशाला? रखमाबाईंचा खटला वाचल्यावर हा प्रश्न हसण्यावारी नेता येत नाही. पण संस्थेत जायचे की नाही, हे ठरवण्याचा अधिकार आधी हाती असावा लागतो. दार बंद असताना बाहेर राहणे म्हणजे निवड नव्हे.

२२/ प्रत्यक्षात पणाला काय लागले आहे? नवी मुंबईचे उदाहरण घ्या. १९७० साली सिडको स्थापन झाली, नियोजनबद्ध शहर वसले आणि वाशीपासून बेलापूरपर्यंत बहुतेक लोक गृहनिर्माण संस्थांत राहू लागले. समजा, नेरूळमध्ये दोन स्त्रिया वीस वर्षे एका घरात राहत आहेत आणि घर एकीच्या नावावर आहे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमात २०१९ साली गृहनिर्माण संस्थांसाठी स्वतंत्र प्रकरण आले. त्यात सभासदाच्या संमतीने सहयोगी सदस्य कोण होऊ शकतो, याची यादी आहे : पती, पत्नी, आईवडील, भाऊबहीण, मुले, सून, जावई, पुतणे-भाचे. सोबतीणीसाठी त्या यादीत शब्द नाही.

२३/ घरमालकीण मृत्युपत्र न करता गेली, तर हिंदू उत्तराधिकार कायद्यात दूरच्या नातलगालाही जागा आहे, सोबतीणीला नाही. नात्याबाहेरच्या व्यक्तीकडून वर्षात पन्नास हजारांहून अधिक रुपयांची भेट मिळाली तर त्यावर प्राप्तिकर लागतो, पती-पत्नींमधील भेटीवर लागत नाही. हाच भेद अन्याय्य आहे म्हणून एक समलिंगी जोडपे २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात गेले. ओतूरच्या दाव्यासारखाच हा हिशेबाचा प्रश्न आहे, आणि म्हणूनच खरा आहे.

२४/ काही हलले आहे, हेही नोंदवू. निकालानंतर केंद्राने मंत्रिमंडळ सचिवांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. ऑगस्ट २०२४ मध्ये स्पष्ट करण्यात आले की समलिंगी जोडीदारांना संयुक्त बँक खाते उघडण्यास आणि परस्परांना नामनिर्देशित करण्यास आडकाठी नाही. शिधापत्रिकेसाठीही त्यांना एक कुटुंब मानण्याची सूचना निघाली. या गोष्टी लहान नाहीत. पण सूचना ही सूचनाच, ती नव्या सूचनेने मागे घेता येते. हक्काचे तसे नसते.

२५/ आणि विधिमंडळ? १ एप्रिल २०२२ रोजी बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी विशेष विवाह कायद्यात दुरुस्ती सुचवणारे खासगी विधेयक लोकसभेत मांडले. पुढे ती लोकसभा विसर्जित झाली, विधेयक तिच्याबरोबर संपले. स्वतंत्र भारतात आजवर केवळ चौदा खासगी विधेयकांचे कायदे झाले आणि त्यांतले शेवटचे १९७० सालचे. ‘संसदेकडे जा’ असे सांगताना, संसदेत जाऊन आलेल्या एका मराठी विधेयकाचे काय झाले, हे सांगणेही आपले काम आहे.

२६/ माझे म्हणणे एवढेच. प्रश्न विधिमंडळाचा आहे, हे न्यायालयाचे मत आपण मान्य करू. मग विधिमंडळाने तो हाती घ्यावा. विवाह हा विषय राज्यघटनेच्या समवर्ती सूचीत आहे, म्हणजे तो केवळ दिल्लीचा नाही. सहकारी संस्थांचा कायदा तर सर्वस्वी राज्याचा आहे. त्या सहयोगी सदस्यांच्या यादीत एक शब्द वाढवायला कोणत्याही घटनापीठाची गरज नाही. विधिमंडळाच्या एका अधिवेशनात होणारे ते काम आहे.

२७/ मात्र तो शब्द लिहिला जाईल तेव्हा १८५६ आणि १८७२ आठवावेत. एका हाताने हक्क देऊन दुसऱ्या हाताने जमीन काढून घेणारे कलम नसावे. मान्यतेसाठी ओळख नाकारायला लावणारी अट नसावी. हे पाहण्याचे काम केवळ वकिलांचे नाही, जुने कायदे वाचायची आवड असलेल्या तुमच्यासारख्यांचेही आहे.

२८/ ‘सखोल चर्चा हवी’ असे महाराष्ट्राने २०२३ मध्ये कळवले. चर्चेला कोणाची हरकत असणार? पण चर्चा झाली की नाही, हे विचारायचे असते. १८७० ला पुण्यात निदान वादसभा भरली होती, दोन्ही पक्ष समोरासमोर बसले होते. आपण मागितलेल्या वेळात अशी किती सत्रे विधानभवनात झाली, हा प्रश्न तुमच्या आमदारांना जरूर विचारा. उत्तर काहीही आले तरी ते इतिहासाच्या नोंदीत जाईल. मतभेद असतील तर खाली मांडा, फक्त साल आणि पुरावा सोबत असू द्या.